ब्लँकेटचं उजवं अर्ध

तात्यांच्या घोरण्याबद्दल त्यांच्या घरात कधी दोन मतं नव्हती. ते भयंकर होतं. एकदा दुपारी पत्र टाकायला आलेला पोस्टमन दाराशी थबकून, आत एखादं यंत्र बिघडलंय का, असं काळजीने विचारून गेला होता. तात्यांना स्वतःला मात्र हे कधीच मान्य नव्हतं. "मी जरा मोठ्याने श्वास घेतो," एवढंच ते कबूल करत.

तात्या घड्याळं दुरुस्त करत. पुढच्या खोलीत, रस्त्याकडच्या खिडकीखाली त्यांचं टेबल होतं. जेवण झालं की दाराला 'बंद' अशी पाटी अडकवून ते आतल्या खोलीत आडवे व्हायला जात. तिथे त्यांच्या बायकोचा, म्हणजे माईंचा, हातमाग होता. माग असा ऐसपैस, की खोली त्याच्याभोवती नंतर बांधली असावी असंच वाटे. माग आणि भिंत यांच्यामध्ये जी चिंचोळी जागा उरली होती तिच्यात एक खाट कशीबशी घुसवलेली होती. त्या खाटेवर तात्या उताणे पडत, आणि त्याच वेळी माई विणायला बसत. आडव्या सुताचा धोटा डावीकडून उजवीकडे, मग ते सूत घट्ट बसवायला फणीचा एक ठोका. धोटा उजवीकडून डावीकडे, पुन्हा एक ठोका. इकडे माग चाले, तिकडे तात्यांचं नाक चाले.

रात्री मात्र लग्न झाल्यापासून माई न चुकता त्यांच्या बरगडीत कोपर घालत आणि म्हणत, "अहो, कुशीवर व्हा!" दुपारी त्या असं एकदाही का म्हणत नाहीत, हा प्रश्न घरात कुणालाच पडला नाही. पडला असता तर पुढचा सगळा घोळ टळला असता, पण मग मी तरी काय सांगितलं असतं?

या घरात रिकामा हात दिसला रे दिसला की माई त्याला सुताला लावत. त्यांची लेक चिऊ नाक-कान-घशाच्या दवाखान्यात नर्स होती. तिशी उलटली तरी ती चिऊच होती, आणि तिचा आवाज मात्र दोन गल्ल्या पलीकडे जाई. ती माहेरी आली की चरखा तिच्याकडे. जावईबापू फ्रिजच्या दुकानात विक्रेते होते. त्यांना माई समोर बसवत, दोन्ही हात पुढे करायला लावत आणि त्यांच्यावर लोकरीची लड चढवून गुंडा करत. लड संपेपर्यंत जावईबापूंना नाकही खाजवता येत नसे, आणि नेमकं तेव्हाच त्यांचं नाक खाजे.

एकट्या तात्यांना कामातून वगळलेलं होतं. तिळाएवढे स्क्रू बसवणारी ती बोटं लोकर कातायला बसली की सुताच्या जागी वाटाण्याच्या शेंगा तयार होत. माई ते सूत टोमॅटोची रोपं बांधायला वापरत. तात्या वरवर हसत, पण त्यांना ते लागत असे. घरात एवढं सगळं विणलं जातंय आणि त्यात आपला एक धागा नाही, ही गोष्ट त्यांच्या मनात कायम सलत होती.

त्या वर्षी जावईबापूंची बदली वर डोंगरातल्या, कडाक्याच्या थंडीच्या गावी झाली. माईंनी लगेच ब्लँकेट काढलं. घरी पिंजलेली, घरी कातलेली लोकर, तपकिरी आणि पांढरे आडवे पट्टे. माग ऐसपैस असला तरी कापड अरुंदच निघे, त्यामुळे ब्लँकेट दोन अर्धांत विणायचं आणि मधोमध शिवून जोडायचं. यात ग्यानबाची मेख अशी की दोन्ही अर्धांतले पट्टे शिवणीवर समोरासमोर यायला हवेत. एक जरी ठोका हलका किंवा जड पडला तरी पट्टा रुंद होतो नाहीतर आखडतो, आणि ते पुढे वाढतच जातं. शिवण घालायला माईंची थोरली बहीण आक्का येणार होती. माईंना विणायला तिनेच शिकवलं होतं, आणि कौतुक करायचं नाही ही शपथ तेव्हापासून तिने पाळली होती.

डावं अर्ध झालं. असं देखणं झालं की चिऊने ते गालाला लावलं. त्याच आनंदात तिला आईवर उपकार करायची हुक्की आली.

"आई, तू इतकं करतेस आमच्यासाठी. आता मी बाबांचं घोरणं बंद करून दाखवते."

"कर बाई," माई म्हणाल्या. "देव तुझं भलं करो."

तात्यांनी आपण घोरतच नसल्याचं सांगून पाहिलं. चिऊने मोबाइल काढला. आदल्या रात्री तिने गुपचूप आवाज भरून ठेवला होता. तात्यांनी तो शेवटपर्यंत ऐकला आणि म्हणाले, "हा कोण गृहस्थ?" तेवढ्यात त्या आवाजाच्या शेवटी, दाराआडून टिपलेली माईंची आरोळी आली, "अहो, कुशीवर व्हा!" तात्यांचा बचाव तिथेच संपला.

मग उपचार सुरू झाले. नाकावर चिकटपट्टी आली. हनुवटीखालून डोक्यावर जाणारा एक पट्टा आला, ज्यात तात्या दाढदुखीचे पेशंट दिसत. आणि सगळ्यांत जालीम म्हणजे बनियनच्या पाठीवर, बरोबर मधोमध, एक टेनिसचा चेंडू शिवला गेला. माणूस उताणा झाला की चेंडू टोचतो आणि तो आपोआप कुशीवर होतो, असं शास्त्र. तो चेंडू माईंनी स्वतःच्या हाताने शिवला, दुहेरी दोऱ्याने, आणि शिवताना त्या गुणगुणत होत्या.

घोरणं बंद झालं. साफ बंद. घरात एवढी शांतता झाली की पुढच्या खोलीतली घड्याळं आतपर्यंत ऐकू येऊ लागली. चिऊने सगळ्यांकडून शाबासकी वसूल केली. माईंनी उजव्या अर्धाला हात घातला.

ते बिघडलं.

पहिला पट्टा डाव्यापेक्षा जरासा आखूड आला. दुसरा रुंद. तिसऱ्यापाशी माईंनी डावं अर्ध शेजारी धरलं तर तपकिरीसमोर पांढरा आला होता. त्यांनी सगळं उसवलं आणि पुन्हा विणलं. पुन्हा तेच. आधी त्यांनी लोकरीला बोल लावला, मग हवेला, मग जावईबापूंना, कारण लड धरताना ते हलले होते. फणी पुसून झाली, दोऱ्या आवळून झाल्या. चौथ्यांदा उसवल्यावर मात्र त्या कुणालाच काही बोलल्या नाहीत. धोटा मांडीवर घेऊन नुसत्या बसून राहिल्या.

"माझा हात गेला," त्या शेवटी म्हणाल्या. "वय झालं. आक्का रविवारी येतेय ना, तिला माग देऊनच टाकते. तिला कधीचा हवाय. उगाच वाकडंतिकडं विणून हसं कशाला करून घ्यायचं?"

तात्या खाटेवर उठून बसले. माग गेला की ही बाई दुपारभर करणार काय? नुसती भिंतीकडे बघत बसणार. शिवाय त्या खटखटीवाचून आपल्याला या घरात झोप तरी लागेल का, हेही त्यांना कळेना. त्यांनी बायकोचे हात पाहिले. हात तर ठणठणीत होते.

"थांब," ते म्हणाले. "ठोका चुकतोय ना? ठोका म्हणजे माझं खातं. हे तू माझ्यावर सोड."

आयुष्यात प्रथमच मागाच्या कामात आपला शिरकाव होतोय म्हणून त्यांना कोण उत्साह आला! त्यांनी पुढच्या खोलीतून लंबकाचं घड्याळ आणून मागासमोर टांगलं. ते फार भरभर निघालं. माईंची पळापळ होऊन त्यांना धाप लागली. तात्यांनी लंबक खाली ओढला. मग चाल जमली, पण ताण्याचा, म्हणजे मागावर उभ्या ताणलेल्या सुताचा, एक धागा तुटला. माई गाठ मारायला थांबल्या आणि घड्याळ मात्र टकटक करत पुढे चाललं होतं. गाठ होईतो माईंचा धीर सुटला.

"न्या ते!" त्या ओरडल्या. "मेलं थांबतच नाही! माझ्या उरावर बसल्यासारखं वाटतंय!"

थांबणारं घड्याळ तात्यांनी आयुष्यभर दुरुस्तच करत आणलं होतं. मुद्दाम थांबणारं घड्याळ कुठून आणायचं ते त्यांना माहीत नव्हतं.

कोडं सोडवलं जावईबापूंनी, आणि तेही चुकून. बुधवारी संध्याकाळी ते दोन्ही अर्धं शेजारी धरून उगाच टेप लावत बसले होते. "आई, हे बघा. हे सगळं वाकडं आहे, पण मधले हे चार पट्टे अगदी बरोबर आहेत. हे कधी विणले?"

"काल दुपारी," माई म्हणाल्या.

"काल दुपारी काय वेगळं होतं?"

तात्यांची नजर दोरीवर वाळत घातलेल्या बनियनकडे गेली. पाठीवर चेंडू असलेलं ते बनियन एकच होतं आणि काल ते पहिल्यांदाच धुवायला टाकलेलं होतं, म्हणजे काल दुपारी तात्या चेंडूवाचून झोपले होते.

चिऊची नजरही तिकडेच गेली. "अगं बाई," ती म्हणाली. "आई! तू बाबांच्या घोरण्यावर विणतेस!"

माई ताडकन उठल्या. "मी? या माणसाच्या घोरण्यावर? जन्मभर ज्याने मला झोपू दिलं नाही त्या नाकाच्या तालावर मी विणते? काहीतरीच बोलू नकोस!" त्या तणतणत स्वयंपाकघरात गेल्या. तिथे भांड्यांची बरीच आदळआपट ऐकू आली. मग आवाज थांबला. जरा वेळाने त्या दारात आल्या आणि भिंतीकडे बघत म्हणाल्या, "तो मोबाइलमधला आवाज पुसला नाहीस ना?"

गुरुवारी सकाळी मोबाइल मागावर ठेवला. तात्यांचं नाक त्यातून गरजलं आणि माईंचा हात लोण्यासारखा चालू लागला. पण आवाज संपत आला आणि शेवटची आरोळी आली, "अहो, कुशीवर व्हा!" स्वतःचाच तो त्रासलेला सूर कानावर पडताच माईंचा हात सवयीने संतापला आणि फणी धाडकन आदळली. कापडात एक घट्ट, काळपट रेघ उठली. आवाज पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला, पुन्हा आरोळी, पुन्हा धाडकन. आरोळी कापून टाकायला गेलेल्या जावईबापूंनी घोरणं पुसलं आणि आरोळी तेवढी ठेवली. हा माणूस फ्रिज कसे विकत असेल, असं तात्यांच्या मनात आलं.

आता एकच उपाय उरला होता. खुद्द तात्यांनी झोपायचं.

उजवं अर्ध पुन्हा मुळापासून उसवलं. नाकाची पट्टी निघाली, हनुवटीचा पट्टा निघाला, चेंडू उसवला गेला. दुपारी तात्यांना भरपेट बटाटे आणि वाडगाभर दही खायला घातलं. पडदे ओढले. तात्या खाटेवर उताणे झाले. माई धोटा हातात धरून तयार. चिऊ चरख्यापाशी, जावईबापू दारात. सगळे त्यांच्या नाकाकडे टक लावून बसले.

"झोपा," चिऊ म्हणाली.

"झोपतोय," तात्या म्हणाले.

"बोलू नका मग."

तात्यांनी डोळे मिटले. जन्मात कधी आली नव्हती इतकी टक्क जाग त्यांना आली. माईंनी दोन ठोके वाजवून पाहिले आणि थांबल्या. चिऊने बाबांचे पाय चेपले, तर त्यांना गुदगुल्या झाल्या. मग जावईबापूंनी खिशातून फ्रिजची माहितीपुस्तिका काढली आणि एकसुरात वाचायला घेतली. बर्फ साचल्यास काय करावे, इथपर्यंत ते पोचले आणि पुस्तिका छातीवर पडून स्वतःच झोपी गेले. ते घोरले नाहीत. त्यांचं तसंच असायचं, हवं तेव्हा काही नाही.

माईंनी धोटा खाली ठेवला. "राहू दे," त्या हळूच म्हणाल्या. "नाही येत झोप तर नाही येत. त्यांचा काय दोष? रविवारी आक्काला माग नेऊ दे."

त्या आवाजात राग नव्हता, आणि हेच तात्यांना सहन झालं नाही. माई रागावली की घर कसं जागेवर असे. त्यांनी डोळे घट्ट मिटून घेतले, घसा मोकळा केला आणि श्वास आत ओढत जमेल तेवढं खर्जात नाक वाजवलं.

"लागली!" चिऊ कुजबुजली आणि नवऱ्याला उठवून चवड्यांवर बाहेर घेऊन गेली. मागाचा ठोका पडला.

खोटं घोरणं ही काय चीज आहे, ते करून पाहिल्याशिवाय कळत नाही. घशाला कोरड पडते. मध्येच शिंक येते, ती गिळावी लागते. नाकावर माशी बसली तर बसू द्यावी लागते. शिवाय आपण खरे कसे घोरतो हे जगात फक्त घोरणाऱ्यालाच माहीत नसतं. तात्यांना चाल सापडेना, म्हणून त्यांनी मागाचा आधार घेतला. ठोका पडला की श्वास घ्यायचा, पुढच्या ठोक्याला सोडायचा. ताण्याचा धागा तुटून माग थांबला की आपणही थांबायचं, आणि गाठ बसून ठोका पडला की पुन्हा सुरू. गुरुवारची उरलेली दुपार, शुक्रवार आणि शनिवार ते असे घोरले. चाल दिवसेंदिवस जरा संथच होत गेली. शनिवारी तर काळोख पडायला आला तरी चहा नाही, तात्यांचा घसा चरचरत होता आणि पोटात कावळे ओरडत होते. तरी ते घोरतच राहिले. त्यांना आतून हसू येत होतं आणि थोडं रडूही. ब्लँकेटच्या उजव्या अर्धात आपला हात आहे, म्हणजे नाक आहे, हे त्यांनी कुणाला सांगायचं नाही असं ठरवलं होतं.

रविवारी आक्का आली. चष्मा पुसला, दोन्ही अर्धं जमिनीवर शेजारी शेजारी अंथरली आणि गुडघ्यांवर बसून वरपासून खालपर्यंत पाहिली. तपकिरीला तपकिरी, पांढऱ्याला पांढरा. तिने एक पट्टा बोटाने दाबला, उलटा करून पाहिला. माई पदराचं टोक पिळत उभ्या होत्या.

"काय वाईट नाही," आक्का म्हणाली. तिच्या तोंडून एवढं म्हणजे फार झालं. मग तिने सुईत दोरा ओवला. "काय गं, फोनवर तर म्हणालीस हात गेला. माग घेऊन जा म्हणालीस. मी टेंपोवाल्याला सांगून बसलेय."

"सांग त्याला नको म्हणून. हात नाही गेला," माई म्हणाल्या. "यांचं घोरणं गेलं होतं. ते परत आलं."

तात्या घाईघाईने एका घड्याळाला किल्ली द्यायला लागले.

"अहो, आता पुरे," माई म्हणाल्या. "झोपलेला माणूस थांबून शिंक गिळत नाही. पहिल्याच दुपारी कळलं मला."

"मग बोलली का नाहीस?" तात्यांचा घसा अजून बसलेलाच होता.

"बोलले असते तर तुम्ही थांबला असतात. इतकं छान चाललं होतं तुमचं. मी काही केलं नाही, नुसती तुमच्या नाकामागे हात चालवत गेले."

तात्यांनी किल्ली खाली ठेवली. "माझ्या नाकामागे? अगं, मी तर तुझ्या ठोक्यावर घोरत होतो! तू थांबलीस की मी थांबायचो."

"आणि तुम्ही थांबलात की मी."

आक्काने दातात धरलेला दोरा सोडला. "म्हणजे तीन दिवस तू याच्या मागे आणि हा तुझ्या मागे? मग पुढे कोण होतं?"

चिऊने दुपार हळूहळू का लांबत गेली आणि चहा का मिळाला नाही ते मनातल्या मनात जुळवलं, आणि ती पोट धरून हसत सुटली. जावईबापू सगळ्यांच्या मागून पाच मिनिटांनी हसले. तात्यांना मात्र एकाएकी त्या सगळ्या दुपारी आठवल्या, ज्या त्यांना आठवणं शक्यच नव्हतं, कारण ते झोपलेले होते. तेव्हाही असंच चालत असेल का? त्यांचे डोळे भरून आले. ते लपवायला त्यांनी भिंग डोळ्याला लावलं, आणि भिंगाआड ते आणखीच मोठे दिसले.

आक्काने शिवण घातली. चिऊने ब्लँकेट गुंडाळलं. जेवणं झाली आणि सगळे आपापल्या वाटेने गेले. माईंनी मागावर नवा ताणा चढवला होता. तात्या खाटेवर गेले आणि चेंडूच्या दिवसांत लागलेल्या सवयीने भिंतीकडे तोंड करून पडले.

माईंनी धोटा उचलला, जरा वाट पाहिली आणि मग बसल्या जागेवरून कलून त्यांच्या बरगडीत कोपर घातलं.

"अहो," त्या म्हणाल्या. "उताणे व्हा."